रंगारी सगळ्यात शेवटी



मागच्या महिन्यात गृहकर्जावर लिहिलं होतं, त्यावर तुमचे बरेच मेसेज आले. या वेळचा विषयही घराचाच, पण पावसाळ्यातला. घरात पाणी शिरलं आणि ओसरलं, की पुढे कोणाला बोलवायचं, कोणत्या क्रमाने बोलवायचं आणि कोणाला थोडं थांबवून ठेवायचं? या थांबवून ठेवायच्या माणसांत पहिलं नाव रंगाऱ्याचं, आणि आपल्याकडे नेमका तोच सगळ्यांत आधी येतो. कारण उघड आहे. पाणी येतं जून-जुलैमध्ये, लगेच श्रावण, मग गणपती. डागाळलेल्या भिंती घेऊन सण कोण साजरा करणार?

सुरतेत पाण्याला नवीन कोणीच नाही. इथले जुने लोक पुराला 'रेल' म्हणतात आणि वर्ष सांगायची गरजही त्यांना वाटत नाही. 'ते रेलच्या आधीचं घर' असं म्हटलं की २००६ समजायचं. त्याहून म्हातारं कोणी असेल तर १९६८. आपल्यापैकी बहुतेकांची गावं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. म्हणजे तापी आपल्याला दोन्हीकडून ओळखते. मध्य प्रदेशातल्या मुलताईला निघायचं, भुसावळ ओलांडून प्रकाशाला जायचं, उकाईला अडायचं आणि मग सुरतेत उतरायचं, असा सातशे किलोमीटरहून जास्त प्रवास ती करते. उकाईचं पाणलोट क्षेत्र ६२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे सुरतेत ऊन असताना गावाकडून फोन येतो, 'हतनूरचे दरवाजे उघडले रे', आणि इथे आपण मोबाइल चार्जिंगला लावतो.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. मी तेव्हा शाळेत होतो. पाण्यापेक्षा मला त्यानंतरचा गाळच जास्त आठवतो, ज्याला गुजरातीत 'कांप' म्हणतात. ओला असताना तो दह्यासारखा होता आणि वाळल्यावर सिमेंटसारखा. तेव्हा 'पाण्यानं खराब झालेलं घर दुरुस्त करून देणारे' असा काही व्यवसाय असतो हे कोणाच्या गावीही नव्हतं. फावडं, खराटा आणि फिनाइल एवढ्यावर सगळ्या गल्ल्या साफ झाल्या. गावाकडून नातेवाईक मदतीला आले, धुतलेल्या गाद्या गच्चीवर वाळल्या आणि काही वाळल्याच नाहीत.

आता तापीचा पूर रोजचा राहिला नाही, पण खाडीपूर आहे. आपल्या लिंबायत-परवत पाटियाकडची मीठी खाडी (मुंबईची मिठी नदी वेगळी, नावाचा गोंधळ बातम्यांत दर वर्षी होतो) जुलै २०२४ मध्ये भरून वाहिली आणि जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा. यात उकाईचा काही संबंध नव्हता. शहरावरच एवढा पाऊस पडला की खाड्यांना तो वाहून नेता आला नाही. तळमजल्यावरच्या घरांत दोन-दोन, तीन-तीन दिवस पाणी राहिलं.

दुसरा प्रकार वरच्या मजल्यांवरचा, आणि आपल्या पिढीला तोच जास्त भेटतो. नवरा-बायको दोघं ऑफिसला, घराला कुलूप आणि वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप निसटलेला. मिनिटाला दहा लिटर धरले तरी आठ तासांत ४,८०० लिटर होतात, म्हणजे जवळजवळ एक टँकर. सातव्या मजल्यावर पूर येतो तो असा, आणि सहाव्या मजल्याच्या पीओपीतून तो खाली उतरतो.

या दोन पाण्यांत फरक आहे, आणि कोणाला बोलवायचं ते या फरकावर ठरतं. जगभर या कामात पाण्याच्या तीन वर्गवाऱ्या करतात. पहिलं नळाचं स्वच्छ पाणी. दुसरं वॉशिंग मशीनमधून बाहेर पडलेल्या पाण्यासारखं मळकं. तिसरं गटाराचं, नदीचं, खाडीचं घाण पाणी. स्वच्छ पाणीही गालिच्यात, गादीत, प्लायखाली दोन दिवस राहिलं की खालच्या वर्गात उतरतं. बुरशी धरायला दमट हवेत २४ ते ४८ तास पुरतात. खाडीचं पाणी मात्र पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या वर्गातलं. त्यात ड्रेनेज असतं, कारखान्यांकडचं काय काय असतं आणि उंदरांचं मूत्र असतं. दक्षिण गुजरातमध्ये, म्हणजे सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात, लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात असतोच. तो पायाच्या चिरेतून शिरतो. त्यामुळे घर धुवायला आई, काकू, पोरं अनवाणी उतरली आहेत हे दृश्य कितीही 'आपलं' वाटलं तरी बरं नाही. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे स्वतःहून सांगा. काही डॉक्टर प्रतिबंध म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. ते त्यांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने किंवा व्हॉट्सॲपने नाही.

म्हणजे नळाचं पाणी त्याच दिवशी सापडलं तर घरच्या माणसांनी आवरायला हरकत नाही. खाडीचं असेल, किंवा कुठलंही पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त साचलं असेल, तर माणसं लावा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

माणसं लावायची म्हणजे कोण? न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या तळघरात पाणी आलं, तेव्हा त्याने एक नंबर फिरवला. ट्रक आला, त्यातून पंप, मोठे पंखे, हवेतली ओल शोषणारी यंत्रं उतरली, आणि पुढचे काही दिवस एकच कंपनी सगळं बघत होती. आपल्याकडे कारखान्यांसाठी असं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, पण लिंबायतच्या दोन खोल्यांसाठी किंवा पालच्या टू-बीएचकेसाठी असा एक नंबर सहसा मिळत नाही. इथे पंपवाला वेगळा, डीप क्लीनिंगवाला वेगळा, इलेक्ट्रिशियन, सुतार, वॉटरप्रूफिंगवाला, पेस्ट कंट्रोलवाला, रंगारी सगळे वेगळे. प्रत्येकजण आपापल्या कामात चांगला असतो. पण पुढच्याचं काम कधी सुरू व्हावं हे त्यांच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नसतं. ते काम तुमचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपर भरपूर आहेत, प्रोजेक्ट मॅनेजर तुम्ही आहात.

तर पहिला इलेक्ट्रिशियन, आणि तोही लायसन्सवाला. पाणी घरात असताना मेन स्विचला हात लावायला ओल्यातून जायचं नाही. टोरेंट असो वा डीजीव्हीसीएल, त्यांना कळवून बाहेरून पुरवठा बंद करून घ्यायचा. पाणी उतरल्यावर 'चालू करून बघू' हा प्रयोग करू नका. बुडालेले स्विच आणि सॉकेट बदलायचे, आणि भिंतीतल्या वायरिंगचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्यायचं. हे यंत्र त्याच्याकडे नसेल तर तो माणूस या कामाचा नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशीनही मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत प्लगला लावायचं नाही. सोसायटीचा मीटर-पॅनल तळमजल्यावर असेल तर हे काम एका घराचं राहत नाही, चेअरमनला धरावं लागतं.

इलेक्ट्रिशियन येईपर्यंत हातात मोबाइल आहे, त्याने फोटो काढा. घाईत गाळ उपसण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, बुडालेल्या वस्तूंच्या मागची मॉडेल आणि सीरियल नंबरची पट्टी. विमा असो वा नसो. मोठा पूर असेल तर सरकारी सर्वे होतो, कॅशडोल जाहीर होते, तिथेही हेच कामाला येतं.

विम्याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्यात गाडीचा विमा सगळ्यांकडे असतो आणि घराचा जवळजवळ कोणाकडेच नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आगीबरोबर पूर, वादळ आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हेही येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला नुसत्या सामानाचाही घेता येतो. मलबा हटवायच्या खर्चासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, म्हणून गाळ काढणाऱ्याकडूनही बिल घ्यायचं. मात्र वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, वरच्या बाथरूममधली हळूहळू होणारी गळती यात येत नाही. तिथे वरच्या शेजाऱ्याशीच बोलावं लागतं.

कंपनीला लगेच कळवायचं. बरेच जण सर्व्हेअर येईपर्यंत सगळं तसंच ठेवतात, ते बरोबर नाही. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराची जबाबदारीच आहे. पाणी-गाळ काढा, ओल्या गाद्या बाहेर ठेवा, पण भंगारवाल्याला देऊ नका. फुगलेल्या कपाटाचा एक तुकडा, खराब गालिच्याचा एक कोपरा सर्व्हेअरसाठी बाजूला ठेवला तरी चालतो. आणि कोणताही कंत्राटदार 'तुम्ही फक्त सही करा, क्लेमचं मी बघतो' म्हणाला तर सही करायची नाही. अमेरिकेत फ्लोरिडात याच प्रकाराने इतके वाद आणि खटले झाले की विम्याचा हक्क कंत्राटदाराच्या नावे करून देण्याची पद्धत तिथे २०२२ च्या शेवटी कायद्यानेच बंद करावी लागली.

मग पंप आणि गाळ. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपल्या सोसायट्यांत ती सर्रास होते. गटार तुंबलंय, खाळकुवा भरलाय, म्हणून कोणाला तरी पाचशे-हजार देऊन आत उतरवतात. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जबाबदारी उतरवणाऱ्यावर येते. आतल्या वायूने माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. महापालिकेचं जेटिंग मशीन येईपर्यंत थांबा. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतही बंद हवेचा हाच धोका आहे. झाकण उघडून, हवा खेळती करून, बाहेर माणूस उभा ठेवूनच सफाई.

त्या टाकीत खाडीचं पाणी मिसळलं असेल तर नुसती रिकामी करून भागत नाही. घासून धुवायची, पुन्हा भरायची, हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकून चोवीस तास ठेवायची, आणि ते पाणी ओतून द्यायचं. जाता जाता, ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. स्वच्छतेच्या उत्साहात बादलीत दोन्ही ओतणारे लोक मी पाहिलेत.

इथपर्यंत घर स्वच्छ दिसायला लागतं. फरशी चमकते, फिनाइलचा वास येतो, शेजारी म्हणतात 'झालं की तुमचं'. बहुतेक घरांत काम इथेच संपतं. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते अजून भिंतीतच असतं.

विटेची भिंत आणि सिमेंटचा गिलावा पाणी शोषतात, आणि पाण्याची रेघ तीन फुटांवर असली तरी ओल केशाकर्षणाने तिच्याही वर चढते. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट एकच, पृष्ठभागावरून वाफ होऊन. त्यावर पुट्टी आणि ऑइल पेंट असेल तर ती वाट बंद. मग पाणी रंगाला मागून ढकलतं, फुगे येतात, पोपडे निघतात. बरोबर भिंतीतले क्षार येतात, ते पांढरे फुलतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. नवीन रंग ओल्या भिंतीवर लावला की हेच दिवाळीपर्यंत पुन्हा होतं. दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

आणि सुरतेच्या पावसाळ्यात भिंत वाळवणं सोपं नाही. आपली समजूत अशी की खिडक्या उघडल्या, पंखा लावला की वाळतं. कपडे सुद्धा वाळत नाहीत जुलैमध्ये, भिंत कशी वाळेल? बाहेरची हवा आधीच दमट. ती भिंतीतली वाफ घेणार कुठे? पंखा भिंतीजवळची दमट हवा हलवतो, पण ती खोलीतून बाहेर काढत नाही. त्यासाठी हवेतलं पाणीच काढावं लागतं. डीह्युमिडिफायर भाड्याने मिळाला तर उत्तम. नाहीतर एसीचा ड्राय मोड (एसी बुडाला नसेल आणि वायरिंग तपासून झालं असेल तर). साफसफाईच्या दिवसांत दारं-खिडक्या उघड्या हव्यात, कारण ब्लीचिंगचा आणि गाळाचा वास आहे. वाळवणं सुरू केलं की बाहेर पाऊस असताना त्या बंद. लख्ख ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर मात्र सगळं उघडा, तेवढा फुकटचा ड्रायर दुसरा नाही.

आता व्यावसायिक निवडताना काय विचारायचं ते या भिंतीवरूनच ठरतं. मी एकच प्रश्न आधी विचारतो: 'भिंत वाळली हे तुम्ही कसं ठरवता?' 'हात लावून कळतं साहेब, वीस वर्षांचा अनुभव आहे' असं उत्तर आलं तर माणूस चांगला असेल, पण या कामाला नाही. ज्याच्याकडे मॉइश्चर मीटर आहे आणि जो दर दोन-तीन दिवसांनी त्याच ठिकाणचं माप लिहून द्यायला तयार आहे, त्याच्याशी पुढे बोलायचं. हे मीटर ऑनलाइन दोन-तीन हजारांत येतं. सोसायटीने एक घेऊन ठेवायला हरकत नाही. वापरायची पद्धत सोपी आहे. आकडा स्वतः काय सांगतो याकडे फार बघू नका, तुमच्याच घरातली न भिजलेली भिंत आधी मोजा आणि भिजलेलीचा आकडा तिच्याजवळ येईपर्यंत थांबा. लोणा असलेल्या जागी मीटर जास्तच दाखवतं, तो खरवडून मग मोजायचं. मीटर नसेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. एक दिवसाने आतून थेंब दिसले तर रंगाऱ्याला फोन करायचा नाही.

डीह्युमिडिफायर लावला असेल तर त्याच्या बादलीत रोज किती पाणी जमलं तेही लिहून ठेवा. पहिल्या दिवशी भरभरून, मग कमी, मग जेमतेम. आम्ही ऑफिसात सर्व्हरचे लॉग बघतो, तसाच हा घराचा लॉग, आणि विम्याच्या सर्व्हेअरसमोर तो बोलण्यापेक्षा जास्त चालतो.

दुसरं, कोटेशन फोडून घ्यायचं. पाणी उपसणं, गाळ वाहून नेणं, जंतुनाशक, वाळवणं, दुरुस्ती, प्रत्येकाचा आकडा वेगळा. 'सगळं मिळून इतके' यात वाळवणं नेहमी गायब असतं. जंतुनाशकाचं नाव लिहून घ्यायचं, 'इंपोर्टेड केमिकल' हे नाव नव्हे. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा मापावर. त्याच्या माणसांना गमबूट आणि हातमोजे तो देणार का हेही विचारा. जो आपल्या मजुराची काळजी घेत नाही तो तुमच्या भिंतीची काय घेणार, असं मला तरी वाटतं.

आणि ओल कुठून आली हे जो तपासतो, त्याच्याकडूनच वॉटरप्रूफिंग विकत घ्यायची घाई नको. त्याला प्रत्येक ओलीचं उत्तर त्याच्या डब्यातच सापडतं. खाडीचं पाणी दारातून आलं असताना गच्चीला केमिकल मारून घेतलेली इमारत मला माहीत आहे.

सुताराबद्दल थोडक्यात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एकदा फुगलं की परत बसत नाही. वाळवण्यावर खर्च करू नका. साधं एमआर प्लाय काही तास ओल सोसतं, दिवसभर बुडून नाही. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचं, बरंच टिकतं, पण त्याची पाठ भिंतीपासून मोकळी करून दोन्ही बाजूंनी वाळवावी लागते. सागवानी जुनं कपाट असेल तर फेकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, ते सावलीत हळू वाळवलं की पुन्हा उभं राहतं. गिलावा टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तेवढाच काढायचा. पीओपी भिजलं असेल तर ते उतरवलेलंच बरं, आणि पुट्टी-रंग रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवायची.

ही उघडी भिंतच कोणाला सोसत नाही. जून २०२५ च्या खाडीपुरात लिंबायतला माझ्या मावशीच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. साफसफाई माणसं लावून करून घेतली, वायरिंग बदललं, पुट्टी खरवडली. मावशीच्या घरी गणपती असतो, आणि त्या वर्षी तो २७ ऑगस्टला होता. म्हणजे हातात दोन महिने. १५ ऑगस्टला मी मीटर घेऊन गेलो. आतल्या खोलीची भिंत कोरडी म्हणावी अशी होती, पण हॉलची, खाडीकडची, न भिजलेल्या जागेच्या जवळजवळ दुप्पट दाखवत होती. रंगाऱ्याने ॲडव्हान्स मागितला होता, मावसभाऊ द्यायला निघाला होता.

"अरे, पण दहा दिवस येणारे-जाणारे असणार," मावशी म्हणाली. "असल्या खरवडलेल्या भिंतीसमोर देव बसवू? लोक काय म्हणतील, यांच्याकडे रंगालाही पैसे नाहीत?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या गल्लीत समोरच्या तीन घरांनी रंग काढून घेतला होता, आणि तिचं घर एकटंच लढाईतून आल्यासारखं दिसत होतं. भिंतीतल्या पाण्याचे आकडे सांगून हे सुटणारं नव्हतं. मी मावसभावाला एवढंच म्हणालो की भाऊ, आत्ताचे पैसे आणि दिवाळीनंतरचे पैसे, दोन्ही धरून हिशोब कर. त्याने मोबाइलवर केला, आणि फोन खिशात ठेवला.

तोडगा मावशीच्या सुनेने काढला. ती रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका साडीच्या दुकानात हिशोब बघते. तिथून जॉर्जेटचा पिवळा ताका आणला, छतापासून जमिनीपर्यंत हॉलच्या त्या भिंतीवर चुण्या घालून सोडला. फक्त कापड भिंतीला टेकू द्यायचं नाही, मागे चार बोटं जागा ठेवायची, एवढं मी सांगितलं. तिने पडद्याच्या सळईखाली विटा ठेवून वीतभर ठेवली आणि एका कोपऱ्यात छोटा टेबल फॅन लपवला. दहा दिवस तो भिंतीच्या कडेने वारा मारत होता. आरतीच्या वेळी कापड हलायचं, तेव्हा येणाऱ्यांना ते डेकोरेशनच वाटायचं. रंगारी डिसेंबरात आला.